चव कोण घेणार?

चौसाळ्याच्या त्रिंबक आचाऱ्याच्या घरी, दाराआड खुंटीला टांगलेला जुना झारा, तो मी. मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली हकिगत सांगावी की नाही, याची मला अजून खात्री नाही. कढईने ती अधिक चांगली सांगितली असती. पण कढई भाड्याची, दर लग्नात वेगळी. त्रिंबकबरोबर कायम राहिलो तो मीच.

एका लोहाराने मला जाड पत्र्यातून कापले, भोके पाडली आणि लांब दांडा जोडला. तरुणपणी मी बुंदी पाडू लागलो की बायका म्हणत, "मोत्यावानी पडली बाई!" मला संकोच वाटे. भोके लोहाराची, हात त्रिंबकचा. माझे त्यात काय होते?

त्रिंबक कोणाच्या खानावळीत नोकरीला नव्हता. लग्नघरचे लोक नारळ-सुपारी घेऊन येत. ती हातात घेतली की काम ठरले. तो कोणालाच नाही म्हणत नसे. दारी आलेली सुपारी परत करणे त्याला पाप वाटे.

तशीच त्याने सिरसाळ्याच्या अमरसिंहांची सुपारी घेतली. ते गावचे पुढारी. थोरल्या मुलीचे लग्न होते. वरण उकळत असताना त्यांचे काका आले. "अळणी हाय रं!" म्हणून त्यांनी मूठभर मीठ टाकले. मग मेहुणे आले, त्यांनीही टाकले. शेवटी खुद्द अमरसिंह आले.

"मालक, मीठ पडलंय," त्रिंबक हात जोडून म्हणाला.

"लगीन आमच्या घरचं, अन् तू आमाला शिकवतो?" म्हणत त्यांनीही मूठ टाकली.

पंगतीत पहिल्याच घासाला लोकांनी वाट्या सरकवल्या. अमरसिंह सगळ्यांदेखत ओरडले, "हा आचारी कुणी आणला रे?" मुठींची आठवण कोणालाच राहिली नाही. संध्याकाळी कोणीतरी माझ्याने भट्टीतले निखारे ओढले आणि मला राखेत टाकून दिले. माझी कड वाकली ती तेव्हा. त्रिंबकने राख उपसून मला शोधले.

माझे फारसे बिघडले नाही. एका बाजूची बुंदी लांबट पडते, इतकेच. पण त्रिंबकचा स्वतःच्या जिभेवरचा भरवसा उडाला. घरच्या साध्या आमटीलाही तो बायकोला विचारी, "साखरा, खारट तर न्हाई ना?" ज्याला आपल्याच जिभेची खात्री नाही, त्या आचाऱ्याने करायचे काय?

शेवटी साखराबाई वैतागली. "आता सुपारी घ्यायच्या आधी एकच इचारायचं. चव कोण घेणार? एकाचं नाव सांगितलं तर जा. सगळ्या खानदानाचं सांगितलं तर घरी बसा. मी घालते भाकर."

यंदा अमरसिंह धाकट्या मुलीच्या, स्वप्नालीच्या लग्नासाठी पुन्हा आले. बाकीच्या आचाऱ्यांना नेमके त्याच दिवशी दुसरे काम निघाले होते.

"झालं गेलं सोडा, त्रिंबकराव. लई मोठं लगीन हाय. अख्खा परळी तालुका तुमच्या दारात उभा करतो."

"चव कोण घेणार, मालक?"

"हा काय सवाल झाला? घरचे सगळे हायेत की!"

त्रिंबकने नारळ हळूच त्यांच्याकडे सरकवला. "मग माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

"बघा हं. सिरसाळ्याकडची वाट बंद होईल."

पुढे पालीचा बन्सी आला. त्याच्या मुलीचे, आम्रपालीचे लग्नही त्याच दिवशी होते. त्रिंबकने तोच प्रश्न विचारला. बन्सीने डोके खाजवले.

"मामा, मला दोडक्यातलं अन् गिलक्यातलं कळत न्हाई. तुमीच घ्या की चव."

"घ्या ती सुपारी!" आतून साखराबाई हसली. "मानूस खरं बोलतंय."

पालीला वरण उकळले. त्रिंबकने थेंबभर तळहातावर घेऊन चाटले आणि तो घुटमळला. "बन्सी, जरा बघतो का? मीठ..."

बन्सी पत्रावळ्या घेऊन धावत होता. "ठरलंय ना आपलं, मामा? तुमी म्हणाल ते!"

त्रिंबकने डोळे मिटून पुन्हा चव घेतली. मग त्याने मिठाचा डबा बंद केला आणि म्हणाला, "पुरे."

पंगतीत हाका सुरू झाल्या, "वरण फिरवा! इकडं वरण!" त्रिंबक भट्टीजवळ खाली बसला. थकला होता बिचारा. रात्री बन्सीने स्वतः मला घासले, पुसले आणि त्रिंबकच्या पिशवीत ठेवले.

सिरसाळ्याकडची वाट खरेच बंद झाली. मी आता बहुतेक दिवस खुंटीवरच असतो. त्रिंबकने केले ते बरोबरच होते असे मी छातीठोकपणे कसे सांगू? झाऱ्याला घर चालवावे लागत नाही. पण घरच्या आमटीबद्दल तो आता साखराबाईला काही विचारत नाही. गुपचूप जेवतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही कोणाला आपल्या कामाला बोलवाल, तेव्हा चव त्याच्यावर सोपवा. तुम्हालाच कोणी कामाला बोलावले, तर ती कोण घेणार हे आधी विचारा. आणि काम संपले की आलेल्या माणसाचे अवजार राखेत टाकू नका, धुऊन परत द्या. दिवसभर तापलेल्या पत्र्याला तेवढे गार पाणी पुरते.