फटाका फोर अन् मोनूचे पप्पा

पहिलेच सांगून देते, मले फटाका फोरचा नाद लग्नाच्या आधीपासूनचा हाय. रायपूरचे चार पोट्टे, रिकी, लकी, विकी अन् बबलू. चमचम करणारे जॅकेट घालून हिंदी गाणे म्हणायचे अन् चौघे एका तालात नाचायचे. मंग त्याईचं आपसात भांडण झालं अन् बँड तुटला. आता अठरा वर्षानं पुन्हा एक झाले, अन् पहिला प्रोग्राम कुठं, तर आमच्या मरोदा कॉलनीच्या मैदानात. बातमी आयकली त्या दिवशी मी दोन वेळा भात करपवला.

मोनूचे पप्पा, म्हणजे आमच्या घरचे, स्टील प्लांटात क्रेन चालवतात. त्याईले कशाचंच कौतुक नाई. म्हणाले, "पन्नाशीले टेकलेले बुढे आता का गातीन? टेप लावतीन अन् तोंड हलवतीन."

"ते टेपवर गात नाई," मी म्हणलं.

"तुले कोणं सांगितलं?"

"मले माहीत हाय."

हे बोलणं घरातच राह्यलं असतं, पण शेजारच्या गिरजाबाई आमच्याच खिडकीखाली वाटाणे सोलून राहिल्या होत्या. त्याईच्या कानात एक गोष्ट पडली का अख्ख्या ब्लॉकात पडली समजा. सकाळी नळावर बाया मले पाहून हसून राहिल्या. "काय वं सुजाता, तुह्ये हिरो टेप आणून राहिले म्हणे?"

माह्या डोक्यात तिडीक गेली. बादली खाली ठेवली अन् सगळ्यायसमोर सांगून टाकलं, "टेपवर गायले तर त्या चौघायचं नाव मी या ब्लॉकात पुन्हा घेणार नाई. अन् खरं गायले तर मोनूच्या पप्पाईनं इथंच उभं राहून माफी मागायची." मोनूचे पप्पा दारात दात घासता घासता हो म्हणाले.

बोलून तर गेली, पण मंग ध्यानात आलं. स्वयंपाक करताना, कपडे धुताना मी तेच चार नाव गुणगुणते. ते गेले तर दिवसभर तोंडाचं करायचं का?

शनिवारी संध्याकाळी आमी चौदा बाया लवकरच जाऊन पुढच्या खुर्च्या धरून बसलो. स्टेजच्या बाजूले एक मोठी क्रेन उभी होती. तिच्या हुकाले कागदी फुलायनं सजवलेला चंद्र टांगला होता. रिकी त्या चंद्रावर बसून आभाळातून उतरणार होता. क्रेनवर श्यामराव काका होते, प्लांटातून रिटायर झालेले, मोनूच्या पप्पाईचे उस्ताद. मिलच्या आवाजात चाळीस वर्ष काढले, तर कान पार गेले. पण हातानं इशारा केला का काका बरोबर समजतात. मोनूचे पप्पा माह्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसले, त्याईनं लांबूनच हात जोडून जयभीम केला, तर काकांनीही केला.

गाणं सुरू झालं. लकी, विकी अन् बबलू पळत आले. जॅकेट तेच होते, पण बटन एकाचंही लागत नव्हतं.

"बाप्पा, हा तर माह्या मोठ्या दिरावानी दिसते," गिरजाबाई म्हणाल्या.

मी लक्ष नाई देल्लं. चंद्र हळूहळू खाली येऊन राहिला होता अन् रिकीचा आवाज तसाच गोड. "आयका," मी म्हणलं, "याले टेप म्हणता?"  मोनूचे पप्पा हुकाकडं पाहून राहिले होते.

मंग त्याईची ती फेमस स्टेप आली. हात वर, एक बोट वर, अन् बोट गोल गोल. खाली तिघायनं केली, अन् आमी अख्ख्या मैदानानं केली. आता प्लांटात या इशाऱ्याचा मतलब एकच, माल वर उचल. श्यामराव काकांनी पाह्यलं, हजार माणसं सांगून राहिले वर उचल. काकांनी रिकीले वर उचललं.

पुढची स्टेप, हात उजवीकडं. क्रेन उजवीकडं फिरली. रिकी चाटवाल्याच्या गाडीवरून गेला अन् त्याच्या हातातला माईक चटणीच्या डब्यात पडला. दोन्ही हातानं चंद्र धरून तो "मम्मी, मम्मी" करून ओरडून राहिला होता. अन् स्पीकरमधून त्याचाच आवाज मस्त मजेत "जानम, जानम" गाऊन राहिला होता.

बाकीच्या तेराही बाया माह्याकडं वळल्या.

मले रडूच आलं. लाज वाटली अन् रागही आला, त्या चौघायचा अन् माह्या स्वतःचाही. आता मोनूचे पप्पा हसतीन म्हणून मी डोळे मिटले. हसणं काही आलं नाई. डोळे उघडले तर बाजूची खुर्ची रिकामी.

ते स्टेजवर होते. दोन्ही हात पसरून, तळवे खाली करून हलवून राहिले होते. म्हणजे सगळं थांबव. थांब म्हणणारा कोणीही असो, त्याचं आयकायचं, हा प्लांटचा नियम. क्रेन थांबली. लोकायले वाटलं नवीन स्टेप हाय, तर सगळ्यायनं हात पसरले. मोनूच्या पप्पाईनं हात डावीकडं नेला, मैदानानं डावीकडं नेला. बोट खाली करून फिरवलं, मैदानानंही फिरवलं. लकी, विकी, बबलू त्याईच्या मागं उभे राहून निमूट तेच करून राहिले होते. रिकी इंचाइंचानं खाली आला. पाय टेकले तसा मोनूच्या पप्पाईच्या गळ्यात पडला, तो काही सोडेना.

मैदान पागल झालं. गिरजाबाई खुर्चीवर चढून शिट्ट्या मारून राहिल्या. मागच्या पोरींना ओरडायले नाव पाहिजे होतं. एकीनं माह्या खांद्याले हात लावला, "आंटी, इनका नाम क्या है?"

लग्नाले एकवीस वर्ष झाले, मी मोनूच्या पप्पाईचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यात नर्सनं विचारलं, तर चिठ्ठीवर लिहून देल्लं. चार परक्या माणसायचे नाव मात्र घरभर. अन् ते चार तर मी आत्ताच हरली होती.

मी खुर्चीवर चढली. पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला अन् ओरडली, "प्रफुल!"

मागून अख्खं मैदान ओरडलं, प्रफुल, प्रफुल. ते स्टेजवर लाजून लाल झाले. गर्दीत मले शोधलं अन् दोन्ही हात पसरून, तळवे खाली करून माह्याकडं हलवले. थांब, थांब.

मी काही थांबली नाई.