माहेरचा मेकॅनिक

लिफ्ट बंद पडून एकोणीस दिवस झाले होते आणि दिपमालाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुम्ही म्हणाल, लिफ्ट बंद पडली तर पडली, जिने काय कोणी पळवून नेले? आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बाईनं लिफ्टसाठी एवढा जिवाला घोर लावून घ्यायचा म्हणजे जरा अतीच झालं. पण चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर लोटननाना राहत होते. नानांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. आणि जळगावातल्या त्या इमारतीच्या सोसायटीची सेक्रेटरी होती दिपमाला.

सेक्रेटरी व्हायची तिला काही हौस नव्हती. मीटिंगमध्ये सगळ्यांनी कानावर हात ठेवले, कोणीतरी म्हणालं, "वहिनी घरीच असतात," आणि रजिस्टर तिच्या गळ्यात पडलं. घरीच असतात म्हणे! दिवसाला चार ब्लाउज शिवणारी बाई घरी असते म्हणजे रिकामीच असते, हा शोध लावणाऱ्याला एकदा तिच्या मशीनवर बसवायला पाहिजे.

एकोणीस दिवसांपूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली ती नाना आणि त्यांची बायको भागाबाई आत असताना. चाळीस मिनिटं दोघं अंधारात. बाहेर काढलं तेव्हा नानांचे ओठ काळेनिळे झाले होते. तेव्हापासून कंपनीचं एकच पालुपद, पार्ट मागवलाय, पार्ट येतोय. तो पार्ट बहुतेक पायी निघाला असावा.

मग नानांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं ठरलं. चार मजले खाली, चार मजले वर, आठवड्यातून दोनदा. गेल्या मंगळवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाच्या पाठीत उसण भरली, खुर्ची कलंडली आणि नाना कठड्यावर आपटले. लागलं फार नाही, पण नानांच्या मनाला लागलं. सगळा जन्म जिनिंगमध्ये मुकादम म्हणून काढलेला माणूस. शुक्रवारी सकाळी खुर्ची दारात आली तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"लोकांकडून कापसाच्या गाठी उचलून घेतल्या मी. आता मीच गाठ झालो होय? लिफ्ट चालू होईल तेव्हा जाईन. न्या ती खुर्ची."

भागाबाई रडली, दिपमालाच्या नवऱ्यानं, योगेंद्रनं, हात जोडले. नाना ढिम्म. दवाखान्यात फोन केला तर तिथली सिस्टर म्हणाली, एक खाडा कसाबसा निभेल, दुसरा झाला तर पाणी छातीत चढेल, मग आम्हाला बोलू नका. दुसरा म्हणजे मंगळवार. 

दुसरा मेकॅनिक का नाही बोलावला? बोलावला ना. जळगावातलाच, चांगला जाणता माणूस. त्यानं लिफ्टच्या कंट्रोलच्या पेटीकडे नुसतं पाहिलं आणि सांगितलं, "वहिनी, याचा पासवर्ड जुन्या कंपनीकडे, त्याशिवाय हे चालू होत नाही. आधी त्यांच्याकडून करार मोडल्याचं पत्र आणा, पासवर्ड आणा. एका दिवसात चालू करून देतो." म्हणजे घोडं अडलं होतं ते करारापाशी.

करार इंग्रजीत होता. यावलच्या शाळेत मास्तर असलेल्या योगेंद्रनं तो रात्री वाचून काढला होता. त्यात दोन वाटा होत्या. सोसायटीनं तीन महिने आधी कळवावं आणि बाहेर पडावं, ही एक. कंपनीनं लागोपाठ दोन महिने लिफ्टची देखभाल केली नसेल तर त्याच दिवशी करार रद्द, ही दुसरी. तीन महिने म्हणजे नानांचे पंचवीस डायलिसिस. दुसरीच वाट धरायला हवी होती.

दिपमाला शुक्रवारीच एस.टी.नं धुळ्याला गेली, कंपनीच्या ऑफिसात. बसमध्ये सगळं पाठ केलं होतं, काय बोलायचं, कुठं आवाज चढवायचा. मॅनेजर मोठा गोड माणूस. पंखा तिच्याकडे वळवला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एक फाईल तिच्यापुढं उघडून ठेवली.

"ताई, देखभाल झाली नाही म्हणता. ही बघा, नऊ महिने, नऊ चिठ्ठ्या. दोर तपासला, ब्रेक तपासला, दरवाजे तपासले, तेल घातलं. खाली सही कोणाची?"

सही तिची. नऊच्या नऊ, वळणदार, पूर्ण नावानिशी.

"तुम्हीच लिहून दिलंय काम झालं म्हणून. मग तुम्हीच कुठल्या तोंडानं म्हणता, झालं नाही? तीन महिन्यांचं पत्र द्या, आमची काही हरकत नाही."

दिपमालाच्या तोंडचं पाणीच पळालं. पाठ केलेल्यातला एक शब्द आठवेना. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती नुसती पदराचं टोक पिळत राहिली.

आता त्या सह्यांचं सांगायलाच हवं. कंपनीकडून दर महिन्याला यायचा तो लीलाधर. पस्तिशीचा, हसरा, दोन लेकरांचा बाप. यायचा भर दुपारी, सगळे पुरुष कामावर, जिन्यात चिटपाखरू नाही. यंत्राची खोली गच्चीवर. परक्या पुरुषाबरोबर एकटीनं गच्चीवर जायचं कसं? म्हणून पहिल्या महिन्यात ती खालीच थांबली. अर्ध्या तासानं तो उतरून आला, चिठ्ठी पुढं केली आणि बोलता बोलता कळलं की तो धरणगावचा. दिपमालाचं माहेर धरणगाव! नुसतं गाव नाही, तिच्या वडिलांच्या घरामागचीच गल्ली.

झालं. माहेरचं कुत्रं दारात आलं तरी बाईचं काळीज सुपाएवढं होतं, हा तर चालता बोलता माणूस, आणि वर धरणगावची बोली. "अक्का, बठ्ठं बेस शे," सगळं ठीक आहे, असं तो म्हणायचा आणि हिला आईच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं. चहा व्हायचा, पोहे व्हायचे. एकदा तर तो तिच्या आईनं दिलेल्या बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी मांडीवर सांभाळत घेऊन आला. अशा माणसाला काय विचारायचं, की बाबा रे, दोर दाखव, तेल कुठं घातलंस दाखव? भावाची झडती घेतल्यासारखं झालं असतं. चिठ्ठी पुढं आली की ही सही करायची. वर काय झालं ते तिनं नऊ महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि आता लीलाधर फोन उचलत नव्हता.

शनिवारी नानांच्या पायांवर सूज चढली. भागाबाई जिना उतरून आली आणि शिलाई मशीनजवळ खाली बसली. दिपमालानं तिला चहा दिला, तोही तिनं घेतला नाही. ती गेल्यावर योगेंद्र म्हणाला, "एकच इलाज आहे. लिहून द्यायचं, की या सह्या न पाहता केल्या. मेकॅनिक वर काम करतो का, हे सेक्रेटरीनं कधी पाहिलं नाही."

"आणि त्याची नोकरी?"

"आणि नानांचा जीव?"

नानांचा जीव आधी, हे तिलाही कळत होतं. पण तेवढंच नव्हतं. लाज होती. सगळ्या इमारतीसमोर म्हणायचं, मी न बघता सही केली, आणि तुम्ही सगळे, तुमची लेकरं, माझ्या त्या सहीच्या भरवशावर नऊ महिने वर-खाली करत होता. आणि माहेरी कळल्यावर? आई म्हणेल, गावातल्या पोराच्या पोटावर पाय दिलास. दुपारभर दिपमालानं कागद चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. एकदा त्यात "बहुधा" आला, एकदा "गैरसमजाने". पाचव्यांदा तिनं सरळ लिहिलं.

रविवारी सकाळी मीटिंग चौथ्या मजल्यावर, नानांच्या दारासमोरच घेतली. दार उघडं होतं, आत पलंगावर उशांना टेकून नाना धापा टाकत होते. चेअरमन तोतारामआबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "हं, वाच."

दिपमालानं वाचलं. एक ओळ गाळली नाही. वाचून झालं तरी मान वर करायची हिंमत होईना. कोणीतरी चुकचुकलं. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणाला, "कमाल आहे बुवा! माझी पोरगी रोज एकटी जायची त्या लिफ्टनं." त्याचं काय चुकलं? दिपमालाचे डोळे भरून आले.

तोतारामआबांनी कागद उलटसुलट पाहिला. "कंपनी म्हणेल, बाई आता खोटं बोलते. नऊ चिठ्ठ्या खऱ्या की हा एक कागद खरा? पाहणारं कोणी होतं का?"

"मी देखेल शे त्याले."

सगळे वळले. भागाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक.

"रोज दुपारले मी गच्चीवर कपडा वाळत घालस," ती म्हणाली. "तो टाकीना सावलीमा बसे, मोबाईल देखे. ती खोलीनं कुलूप त्यानी कव्हयच उघाडं नही. मंग खाले उतरी जाये, तुना घर चहा पिवाले."

दिपमालाला आधी कळेचना. "भागामावशी, मग सांगितलं का नाही हो मला?"

"काय सांगू माय?" भागाबाईचा आवाज फुटला. "तुना माहेरना माणूस. तू इतली कौतुकानी पोहे करे त्यानासाठे. तुले वाईट वाटीन, म्हनीसन माले बोलता उनं नही."

नऊ महिने. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी ही बाई आपल्या नवऱ्याला त्याच लिफ्टमध्ये बसवून नेत होती. आत गेल्यावर दाराची जाळी ओढताना तिला दर वेळी भीती वाटली असणार, आणि दर वेळी तिनं ती गिळली असणार. कशासाठी, तर दिपमालाचं मन मोडू नये म्हणून! दिपमालानं पुढं होऊन तिचे हात धरले. आणि ती रडली.

आतून नानांचा आवाज आला. "भागा, तुले माहीत व्हतं? आन माले त्यामाच बसाडे तू?"

भागाबाई पुढं झाली. तोतारामआबांच्या हातातलं पेन घेतलं आणि दिपमालाच्या सहीखाली आपली सही केली. तिला सही करायला बराच वेळ लागला. 

तोतारामआबांच्या मोबाईलवरून कागदाचा फोटो धुळ्याच्या मॅनेजरला गेला. खाली योगेंद्रनं लिहिलं, करार आज रद्द झाल्याचं कळवा, नाहीतर उद्या सकाळी हाच कागद लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकाच्या टेबलावर असेल. मॅनेजरनं पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. जो तो आबांच्या मोबाईलकडे बघत उभा.

"खुर्ची आणा," आतून नाना म्हणाले.

कोणाला पटकन कळलं नाही.

"अरे आणा ना! या दोघी बायकांनी सगळ्या बिल्डिंगीसमोर स्वतःची लाज काढली. मी काय मोठा लाजाळू लागून गेलो? लिफ्ट व्हईल तव्हय व्हईल. श्वास पुरत नाही मला. चला."

मग काय धावपळ! योगेंद्रनं खुर्ची आणली, भाडेकरूनं बाह्या सारल्या, वॉचमन धावत वर आला. चौथा माणूस मात्र नव्हता. उसण भरलेला अजून अंथरुणावर, आणि तोतारामआबांना स्वतःलाच कठडा धरून उतरावं लागे. दिपमालानं पदर खोचला आणि खुर्चीचा मागचा डावा पाय धरला. "वहिनी, तुम्ही?" वॉचमन म्हणाला. "उचल रे," ती म्हणाली.

तिसरा मजला उतरला. नानांचं वजन तिच्या मनगटात उतरत होतं, बोटं बधिर होत होती, आणि एकेक पायरी पायानं चाचपत ती मनातल्या मनात मोजत होती. पुढून भागाबाई उलट्या पावलांनी उतरत होती, नानांच्या गुडघ्यावर हात ठेवून. दुसऱ्या मजल्याच्या त्याच वळणावर वरून तोतारामआबा ओरडले, "आला, आला! मेसेज आला! करार आजपासून रद्द, पत्र आणि पासवर्ड संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणतोय, निरीक्षकाकडे जाऊ नका म्हणतोय!"

"संध्याकाळचं संध्याकाळी बघू," योगेंद्र धापा टाकत म्हणाला. "वळण सांभाळा."

वळण गेलं. पहिला मजला आला, दिपमालाचं स्वतःचं दार गेलं. तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला मोबाईल वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. स्क्रीनवरचं नाव नानांना मान वळवली की दिसत होतं.

"लीलाधर, धरणगाव," नानांनी वाचलं. "उचल बेटा. माहेरचा फोन आहे."

तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला होता. खाली अजून अकरा पायऱ्या होत्या.

"हात मोकळे नाहीत, नाना," दिपमाला म्हणाली.