मोठीचं वय

"शिलाई थांबवा," मावशी म्हणाल्या.

मुकादमांनी आधी मशीनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. छापखान्याच्या बांधणी खात्यात मावशी तेवीस वर्षं छापील कागदांच्या घड्या घालत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी कुणाला साधं 'जरा सरका'सुद्धा म्हटलं नव्हतं.

"काय झालं? घडी चुकली?"

"घडी नाही. गोष्ट चुकलीय."

टेबलाभोवतीच्या बायका फिदीफिदी हसल्या.

जाडजूड कादंबरी होती. तीन भावंडं आळीपाळीनं बोलतात आणि वर्षं पुढंमागं उड्या मारतात. चौथीत शाळा सुटलेल्या मावशी एरवी फक्त पानांचे आकडे बघत. पण या वेळी पहिल्याच ओळीवर त्यांचा हात थबकला. मोठी बहीण म्हणत होती, 'मी बासष्ट वर्षांची आहे आणि अजून आईवर रागावलेली आहे.'

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी खराब निघालेले कागद ठेवून त्या वाचू लागल्या. सुरुवातीला सगळं डोक्यावरून गेलं. कोण बोलतंय, कधीचं बोलतंय, काही थांगपत्ता लागेना. मग त्यांनी एका कागदाच्या कोऱ्या पाठीवर तीन रकाने आखले आणि तिघांची वयं लिहीत गेल्या. हळूहळू ते घर त्यांना ओळखीचं झालं.

"मावशी, कादंबरीच तशी आहे," मुकादम म्हणाले. "आज म्हातारी, उद्या पोर. मुद्दाम केलंय."

"मधला भाऊ पुढं पुढं जातो. धाकटी मनाला येईल तशी उडते. पण मोठी मागंच जाते. बासष्ट, चोपन्न, मग पंचेचाळीस हवं. इथं आधी छत्तीस आलंय. पानांचे आकडे बरोबर, म्हणून कुणाला कळलं नाही."

"आणि तुम्हाला कळलं?"

"मी वाचलंय."

त्या खोलीत दुसऱ्या कुणीच वाचलं नव्हतं. मुकादमांनी कपाळ चोळलं. "चुकीचं निघालं, तर मालक आपल्याला उभं करणार नाहीत."

"माझं एकटीचं नाव सांगा."

मुकादमांनी फोन लावला. लेखिकाबाई घाईत होत्या. "अहो, कालक्रम मी जाणूनबुजून मोडलाय. काळजी करू नका."

मावशींनी फोन हातातून ओढूनच घेतला. "बाई, पंचेचाळिसाव्या वर्षी मोठी आईच्या कपाटाला हात लावत नाही. का, ते छत्तिसाव्या वर्षात आहे. ते आधीच सांगून टाकलंत, तर कपाटाची धास्ती कुणाला वाटणार?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"माझ्याच हातून झालं," बाई म्हणाल्या. "शेवटच्या दुरुस्तीत दोन प्रकरणं इकडची तिकडे झाली. तिघांनी तपासलं होतं हो!"

मुकादमांनी स्वतः उठून मशीन बंद केलं. मघाशी हसलेल्या बायकांतल्या एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मावशींचे कान लाल झाले. तो रकान्यांचा कागद हातोहात सगळ्या टेबलावर फिरला. मालकांनीही खाली येऊन तो बोट फिरवत वाचला आणि दोन्ही प्रकरणं नव्यानं छापायला सांगितली.

दुपारी लेखिकाबाई स्वतः आल्या. मालकांच्या खोलीत न जाता त्या सरळ घडीच्या टेबलाशी आल्या आणि मावशींशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"एवढं बारकाईनं कुणीच वाचलं नव्हतं. खरं सांगा, शेवट पटला का?"

मावशींनी हातातली घडी पूर्ण केली, अंगठ्यानं दाबून कडक केली.

"शेवटची पानं अजून वाचायची राहिलीत," त्या म्हणाल्या. "सांगू नका."

बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं.