निळ्याचं डोकं

मंगळवारी सकाळी कामावर निघताना त्याने सवयीने काचेच्या कपाटाकडे पाहिलं आणि तो दारातूनच मागे फिरला. निळ्याच्या धडावरचं डोकं निळ्याचं नव्हतं.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवाला म्हणत. लोकांना जे दात नुसते पांढरे दिसतात, त्यांत त्याला सोळा छटा दिसायच्या. त्यामुळे निळ्याचं डोकं बाकीच्या अंगापेक्षा चिमूटभर फिकं आहे, हे त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्याने कुलूप काढून डोकं फिरवून पाहिलं. मान जड फिरत होती. त्याच्या निळ्याची मान लोण्यासारखी फिरायची.

कपाटात व्हिनाइलचे त्रेचाळीस यंत्रमानव होते, वीतभर उंचीचे. प्रत्येकाच्या सांध्यांत लोहचुंबक, त्यामुळे याचा हात त्याला लागायचा, त्याचे पाय याला. सगळी गंमत त्या अदलाबदलीत. पण निळ्या त्याने कधी मोडला नव्हता. त्याचा एकेक मूळ भाग जमवायला सहा वर्षं गेली होती.

"माझ्या कपाटाला कोणी हात लावला होता?" त्याने बायकोला विचारलं.

ती डबा भरत होती. "कोण लावणार? धूळ पुसते तेवढंच."

"घरी कोणी आलं होतं?"

"नाही बाई."

ती वळली नाही. एरवी ती बोलताना तोंडाकडे बघायची.

दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. एका कवळीत त्याने सुळा उलटा बसवला. संध्याकाळी परतताना इमारतीच्या दारात वॉचमन भेटला आणि आपणहून म्हणाला, "तुमचे ते लिफ्टवाले काका भेटले का? मागच्या आठवड्यात दोनदा येऊन गेले. भरदुपारी."

"दोनदा?"

"दुसऱ्या वेळी हातात पिशवी होती."

लिफ्टवाले काका म्हणजे त्याचे या छंदातले गुरूच. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्तीनंतर यंत्रमानव जमवायला लागले. तो दुपारी घरी नसतो हे काकांना ठाऊक होतं. बायको तर सरळ खोटं बोलली होती. तिला तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने कपाटाच्या दाराला आतून बारीक दोरा लावून ठेवायला सुरुवात केली. रोज घरी आला की आधी दोरा बघायचा, मग चपला काढायचा. किल्ली खिशात घेऊन झोपायचा. तिला ते दिसत होतं.

शुक्रवारी तो कामावरून परस्पर काकांकडे गेला. काकांकडेही तसाच एक निळा होता, पहिल्या खेपेतला. आज त्याच्या खांद्यांवर लाल डोकं होतं.

"हे काय, काका?"

"बदललं." काका चहाचं भांडं विसळत म्हणाले. "बदलायलाच असतात ना ती?"

"मग निळं कुठाय?"

"आहे कुठेतरी. साखर किती?"

दोन चमचे साखर तो गेली दहा वर्षं घेत होता. काकांना ती आजच विचारावीशी वाटली, म्हणजे पाणी मुरतंय, असं त्याच्या मनाने घेतलं. घरी जाईपर्यंत त्याने सगळं जुळवून टाकलं. पहिल्या खेपेच्या निळ्या डोक्यांवर शौकिनांच्या उड्या पडतात. काकांनी आपलं आणि त्याचं अशी दोन्ही खरी डोकी कोणाला तरी देऊन टाकली आणि त्याच्या गळ्यात नक्कल मारली. बायकोला कशाने तरी भुलवून दार उघडून घेतलं. ती यात कशी आली, हे काही केल्या बसत नव्हतं. पण संशयाचं पिशाच्च मानगुटीवर बसलं की माणूस न बसणारे भागही ठोकून बसवतो.

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा शौकीन जमले. टेबलावर चादर, चादरीवर हात, पाय, धडं मांडलेली. काका एका दंतवैद्याला सांध्यात किंचित तेल कसं सोडायचं ते दाखवत होते. कवळीवाल्याने निळ्याचं डोकं खिशातून काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"काका, हे ओळखता?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी डोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे! माझ्या पाठीमागे माझ्या घरात शिरलात, माझा भाग उचललात आणि ही नक्कल चिकटवलीत. मी तुम्हाला वडिलांच्या जागी मानत होतो."

काकांनी तेलाची बाटली घट्ट बंद केली, आपले भाग एकेक करून डब्यात भरले आणि निघून गेले.

"काही बोलले का नाहीत?" दंतवैद्याने विचारलं.

"बोलणार काय? चोरी पकडली गेली."

घरी येऊन त्याने तेच बायकोला सुनावलं. ऐकता ऐकता ती पांढरीफटक पडली.

"सगळ्यांसमोर बोललात?"

"मग काय एकांतात आरती ओवाळू?"

ती आत गेली. लोकरीच्या कपड्यांखालून तिने रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि त्याच्या हातात दिली. ते निळं डोकं होतं. गडद, त्याच्याच निळ्याचं. एक गाल आत बसला होता आणि डोळा कानाकडे सरकला होता.

"पुसताना काढून टेबलावर ठेवलं. इस्त्री टेकली," ती म्हणाली. "भाचीने एका यंत्रमानवाची शिंगं मोडली, तर तुम्ही ताईंशी चार महिने बोलला नाहीत. म्हणून काकांना फोन करून विचारलं, असं डोकं कुठे मिळेल. ते पहिल्यांदा आले ते बघायला. दुसऱ्यांदा आले ते स्वतःच्या निळ्याचं काढून घेऊन. मी त्यांना शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

त्याने चेपलेल्या गालावरून अंगठा फिरवला.

"मला का नाही सांगितलंस?"

"आता सांगतेय तरी मी तुमच्या हातांकडेच बघतेय," ती म्हणाली.

हे त्याला काकांना बोललेल्या शब्दांपेक्षाही जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी दोघं काकांकडे गेले. काकांनी दार उघडलं, आत घेतलं. त्याने पाय धरले, तेव्हा काका मागे सरकले. "अरे, ऊठ. गुडघे दुखतील." ती रडायला लागली, तर म्हणाले, "पोरी, तुझी शपथ मी पाळली. तुझ्यावर राग नाही." त्याच्यावर राग आहे की नाही, ते बोलले नाहीत. त्याने पुढे केलेलं फिकं डोकं त्यांनी घेतलं आणि आपल्या निळ्याला लावलं.

पुढच्या रविवारी कवळीवाल्याने त्याच बाकीच्या चौघांसमोर उभं राहून सगळं सांगितलं, आपली चूक कबूल केली. काका आले नव्हते. बहिणीकडेही तो जाऊन आला. भाचीला आता यंत्रमानवांत काडीचाही रस उरला नव्हता, तिने मामाला चहा मात्र करून दिला.

काका घरी आले ते तीन महिन्यांनी, बायकोने चारदा बोलावल्यावर. जेवण छान झालं, गप्पाही झाल्या. लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाची गोष्ट त्यांनी अशी रंगवली की ठसका लागेपर्यंत सगळे हसले. जेवणानंतर कवळीवाल्याने कपाट उघडलं.

"या ना काका, दोन नवे आलेत. बघा हातात घेऊन."

काका उठले, कपाटासमोर आले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"छान आहेत," ते म्हणाले. "दिसतायत इथूनच."