अर्जुनरावांचा डावा रामराम

जमीन विकल्यापासून अर्जुनरावांना माज चढला, ही नोंद चिखली गावाने कधीच पक्की करून टाकली होती. पुरावा रोजचा होता. काळी मोठी गाडी स्वतः हाकत ते निघायचे, डाव्या हाताच्या गॅरेजमधून अकबर रामराम घालायचा आणि अर्जुनराव नाकासमोर बघत निघून जायचे. दोघे एकाच वर्गात, एकाच विषयात नापास झालेले. अकबरने बरेच दिवस दम धरला, मग रामराम बंद केला. गाडीचे पोचे काढणंही दुसऱ्या गॅरेजकडे गेलं. पोचे सगळे डाव्या बाजूला. अलीकडे खांब फार पुढे यायला लागलेत, असं अर्जुनरावांचं मत होतं.

शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा सून सायलीने किल्ली काढून घेतली. तपासणीत पास झालात तरच परत. अर्जुनरावांनी चष्म्याच्या दुकानात बसून अक्षरांचा तक्ता पाठ केला, पार खालच्या बारीक ओळीपर्यंत. किल्लीही सुनेकडून हट्टाने आधीच मागून घेतली आणि गाडी घेऊनच शिबिराला गेले. पास होणारच होते.

शिबिरात तक्ताच नव्हता. अकबरची मुलगी इरम एक पडदा मांडून बसली होती. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, तिने समजावलं. कडेला दुसरा उजळला की डोळा तिकडे उडी मारतो आणि ती उडी कॅमेरा टिपतो. बोलायचं काही नाही. अर्जुनरावांना हा अन्याय वाटला. त्यांची तयारी सगळी बोलायचीच होती.

उजवीकडे ठिपके उजळले, डोळे धावले. डावीकडे उजळले, डोळे जागचे हलेनात. इरमने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“काका, डावीकडचा दिसला नाही?”

“दिसला की. पण आमी हरेक ठिपक्यामागं डोळं फिरवणारी माणसं न्हाई, पोरी.”

“डोळा तुम्हाला विचारून जात नाही, काका. दिसलं की जातोच.”

मग तिने हळू आवाजात सांगितलं, की काचबिंदूची शंका आहे, पक्कं डॉक्टर सांगतील. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखता येते. तोवर गाडी हाकायची नाही.

अर्जुनरावांनी विचारलं ते भलतंच. “तुझा बाप अजून गॅरेजच्या दारात बसतो व्हय?”

“रोज.”

“मला वाटलं, जमीन इकली म्हणून जळतोय. दिसंनासाच झाला.”

बाहेर अकबर मुलीचा डबा घेऊन उभा होता, नेमका डावीकडे. अर्जुनरावांनी जड फाटक लोटावं तशी सबंध मान वळवली, त्याला शोधून काढलं आणि किल्ली पुढे केली.

“रामराम. गाडी तू चालव.”

अकबरने किल्ली घेतली. मागची बाकी बरीच आहे, एका रामरामात फिटायची नाही, हे ऐकवायला तो विसरला नाही.

वाटेत उजव्या हाताला, चहाच्या टपरीशी गावातले नानासाहेब उभे होते. त्यांनी लांबूनच हात जोडले. अर्जुनराव नाकासमोर बघत राहिले.

अकबरने गाडी हळू केली. “नानासाहेब दिसले नाहीत का?”

“दिसलं की. चल तू.”