घशातली चकती

गाडी जॅकवर पुरेशी चढल्यावर मोएकेत्सीने चाकांमागे लाकडी ठोकळे ठोकले, खाली पुठ्ठा टाकला आणि पाठीवर पडून आत सरकला. शुक्रवारची सकाळ होती. अंगणात उद्याच्या मातीसाठी मंडप उभा राहत होता, शेजारच्या बायका टबांभोवती बसून कोबी आणि बीट चिरत होत्या. दुपारी लेक घरी येणार होता, पेटीतून.

गाडी त्याचीच होती, टांकिसोची. दोन दारांची, चौकोनी तोंडाची जुनी लाल बीएमडब्ल्यू. दक्षिण आफ्रिकेतल्या या थोकोझात तिला गुशेशे म्हणतात, आणि ती ज्याच्याकडे असते त्याला अख्खा मोहल्ला ओळखतो. दर रविवारी मैदानावरच्या चढाओढीत टांकिसो ती भोवऱ्यासारखी फिरवायचा, दार उघडं टाकून, एक पाय बाहेर लोंबकळत. आई ते बघायला एकदाही गेली नाही. आणि शेवटी पोरगा गेला कसा? हॅरिस्मिथच्या रस्त्यावर, भाड्याच्या व्हॅनमध्ये, मागच्या सीटवर झोपेत. व्हॅन उलटली. येणारा प्रत्येक जण हे नव्याने सांगायचा आणि मोएकेत्सी "बरं" म्हणायचा. आठवडाभर तो सगळ्यांनाच "बरं" म्हणत होता. रडू येत नाही याची त्याला लाज वाटत होती, पण तीसुद्धा दुसऱ्या कुणाची असावी तशी लांबून.

"न्टाटे, पाना कुठला देऊ?" बाहेरून भेकीने विचारलं. वडीलधाऱ्या माणसाला इथे न्टाटे म्हणतात.

भेकी टांकिसोचा मैदानावरचा जोडीदार. तिशी उलटलेला, पोट सुटलेला, दोन पोरांचा बाप. उद्या कबरस्तानाबाहेर गाडी तोच फिरवणार होता. गाडी फिरवणारा माणूस गेला की त्याच्याच गाडीने गरगर फिरून, धूर करून, बोंब ठोकून त्याला निरोप द्यायचा. त्याशिवाय माती पुरी झाली असं ही मंडळी मानत नाहीत.

"पाना नको. चाकू दे. आणि कटर जोडून ठेव."

"सायलेन्सरची पुंगळी तर त्याने कधीच काढलीय. आता आणखी काय मोकळं करताय?"

"आहे एक."

ते एक काय आहे हे फक्त मोएकेत्सीला ठाऊक होतं. अंगणातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने उभा जन्म सायलेन्सर बसवण्यात घालवला होता. त्याने जोडलेल्या पाइपवरून बोट फिरवलं तर नखसुद्धा अडकायचं नाही. लेकाचा हात मात्र त्याच्यावर गेला नव्हता. टांकिसोने वेल्डिंग केलं की नुसते गोळे. "हा सांधा आहे की कोंबडीची शीट?" मोएकेत्सी गिऱ्हाइकांसमोर विचारायचा. टांकिसो दात काढायचा. "कोंबडीची तर कोंबडीची. गळत नाही ना?"

चार वर्षांपूर्वी ही गाडी घरी आली तेव्हा मा-टांकिसोने, मोएकेत्सीच्या बायकोने, एकदाच विषय काढला होता.

"पाइप बाहेर कुणाकडून करून घेईल, त्यापेक्षा तुम्हीच करा. आणि असं काहीतरी करा की ती फार उधळणार नाही. काय करताय ते मला सांगू नका."

मोएकेत्सीने केलं. इंजिनातून येणारे नळ जिथे एकत्र मिळतात, बरोबर तिथे पाइपच्या आत त्याने जाड लोखंडी चकती बसवली. मधलं भोक एवढंसं. वरून सांधा जोडला, त्यावर उष्णता अडवणारी पट्टी गच्च गुंडाळली आणि लेकाच्या हातात किल्ली दिली. तेव्हापासून गाडी गुरगुरायची छान, पण पूर्ण दाबली की घुसमटायची. मैदानावरची माणसं म्हणायची, टांकिसोच्या गाडीला बारमाही सर्दी आहे. तो तिसरा यायचा, नाहीतर चौथा, आणि हसत हसत घरी यायचा. घरी यायचा, यातच मोएकेत्सीला सगळं आलं होतं.

आता कुणाला वाचवायचं होतं? निदान उद्या तरी लेकाची गाडी पूर्ण घशाने ओरडू दे, एवढंच त्याला करायचं होतं. दुसरं काही करण्यासारखं उरलंही नव्हतं.

तो चाकूने पट्टी कापू लागला. भेकी बोनेटला टेकून बोलत राहिला. आठवड्यात त्याला गप्प बसणं जमलं नव्हतं.

"कितीदा सांगितलं त्याला, जर्मिस्टनला ने, तिथे नवा पाइप टाक. ऐकेल तर शपथ. म्हणायचा, पाइप माझ्या म्हाताऱ्याचा आहे, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"बरं."

"फक्त त्या ईस्टरला काय झालं देव जाणे. काय ओरडली होती गाडी, न्टाटे! पार पलीकडच्या कॅटलेहाँगपर्यंत गेला असेल आवाज. सगळ्यांना धुतलं त्याने त्या दिवशी. आणि पुढच्या रविवारी पुन्हा सर्दी. मला म्हणे, पेट्रोल खराब होतं."

मोएकेत्सीचा चाकू थांबला. तो ईस्टर त्याला आठवत होता. दुपारभर मैदानाकडून तो आवाज येत होता आणि त्याला वाटलं होतं, कुणाची तरी नवी गाडी असेल. बायकोला तसं वाटलं नव्हतं. टांकिसो जिंकून, घामाने निथळत दारात आला तेव्हा ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. चहा बशीत सांडला होता. "जेवण झाकून ठेवलंय," एवढंच ती म्हणाली. टांकिसो बराच वेळ तिच्या हातांकडे बघत उभा राहिला, मग आत येऊन जेवला.

पट्टीचा शेवटचा वेढा सुटला.

खाली त्याचा गुळगुळीत सांधा नव्हता. जाडजूड गोळे होते, एकावर एक चढलेले. कोंबडीची शीट.

म्हणजे त्याला कळलं होतं. बापाने आपल्या गाडीचा गळा आवळलाय हे पोराला कळलं होतं, आणि त्याने जेवताना कधी तोंड वाकडं केलं नाही. मोएकेत्सी पडल्या पडल्या ते गोळे बघत राहिला.

"कटर," तो म्हणाला.

ठिणग्या गालावर उडाल्या. पाइप सुटला. त्याने बॅटरी आत धरली.

चकती जागेवरच होती, काजळीने काळी झालेली. त्याने तिला दोनच टाके मारले होते, बारीक. ते घासून काढलेले होते. त्यांच्या जागी चार टाके होते, सुपारीएवढे. एकदा बाहेर काढलेली चकती टांकिसोने आपल्या हाताने परत बसवली होती, बापापेक्षा पक्की.

मोएकेत्सीने त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. पाइपची कापलेली धार लागली आणि रक्त मनगटापर्यंत ओघळलं. आधी त्याला काही कळलं नाही. मग दुखलं. आठवड्यात पहिल्यांदाच काहीतरी दुखलं, आणि दुखतच राहिलं.

"निघालं का, न्टाटे?"

कटर अजून हातात होता. चार टाके, चार घाव, काम संपलं असतं. घरातून बायकांचं गाणं ऐकू येत होतं. मा-टांकिसो आत जमिनीवरच्या गादीवर बसली असेल, खांद्यावर घोंगडी घेऊन, दुखवट्यात दिवसभर बसते तशी. इथला सगळा आवाज तिच्या खिडकीत जातो.

"वेल्डिंग लाव," मोएकेत्सी म्हणाला.

"काढलंत?"

"नाही. जोडून घेतो."

"मग उद्या सर्दीच? अहो, निरोप द्यायचाय त्याला. सगळे येणार आहेत."

"त्याने असाच ठेवला होता."

भेकीला काही समजलं नाही, पण त्याने बटण दाबलं. मोएकेत्सीने मुखवटा चेहऱ्यावर ओढला. हा सांधा त्याने आयुष्यात किती वेळा जोडला असेल, झोपेतसुद्धा जमला असता. पण काचेमागे डोळ्यांपुढचं सगळं पाण्यात गेलं, तरी तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

गाडीखालून तो बाहेर येईना तेव्हा भेकी गुडघ्यांवर बसला आणि वाकून बघू लागला. सांध्यावर जाडजूड गोळे होते, एकावर एक चढलेले.

"ग्राइंडर देऊ?" त्याने हळूच विचारलं. "घासून घ्या."

"नको."

"मग पट्टी तरी गुंडाळू वरून?"

"पट्टीही नको," मोएकेत्सी म्हणाला. "दिसू दे."