मी, आचलसाठी घेतलेलं युनिट

मित्रांनो, मी एक जुनं युनिट आहे. म्युच्युअल फंडाचं. पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र करून कंपन्यांत लावतात, त्या ढिगातला एक लहानसा वाटा म्हणजे मी. माझा फंड सूर्य, वारा, काडीकचरा यांपासून वीज करणाऱ्या कंपन्यांतच पैसे घालतो. म्हणून आम्हाला हिरवं म्हणतात.

माझा जन्म गोंदियात, नूतनच्या मोबाइलवर झाला. तेव्हा तिच्या मांडीवर आचल खोकत होती. पोर जेमतेम मान सावरायला लागलेली. तिला पुढे तरी स्वच्छ हवा मिळावी, एवढ्याच विचारानं नूतननं मला घेतलं.

“दिसत नाही, हातात धरता येत नाही, ते कायले घेऊन राहिली?” सासूबाई सुलोचनाबाई म्हणाल्या. “पोरीले तोरड्या तरी झाल्या असत्या!”

माझा भाव चढला, तसं कौतुकही झालं. नूतनचा नवरा हिमांशू पानठेल्यावर सांगे, “अपना पैसा धूप खाकर मोटा हो रहा है!” भाव उतरला की महिनोन्महिने कोणी माझ्याकडे फिरकत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटून घेणं हे युनिटाचं काम नव्हे.

एका दुपारी फंडाचे एजंट मुन्नालाल आले. “भाभी, खुशखबर! रेल्वे फाटकापलीकडचा भुशाचा पॉवर प्लान्ट आहे ना, त्या कंपनीत आपल्या फंडानं पैसा लावला. तुम्ही आता मालकीण!”

नूतन दोरीवरून आचलचं झबलं काढत होती. त्यावर काळे ठिपके होते. राइस मिलांतला धानाचा भुसा जाळून त्या प्लान्टात वीज होते, आणि वारा इकडे फिरला की राख अंगणभर पडते. तिनं झबलं झटकलं नाही. ते हातात धरून, आचलला कडेवर घेऊन ती तशीच प्लान्टच्या गेटवर गेली.

“मी मालकीण आहे. साहेबांना सांगा, चिमणीतली राख अडवा.”

चौकीदार सेवकराम आधी झबल्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. “मालकीण? मंग पहिले माहा पगार वाढवून द्या न बाई!”

नूतनलाही हसू आलं असतं, पण आचलला ठसका लागला. साहेब भेटले नाहीत. फंडाच्या कचेरीतून फोनवर गोड आवाजात उत्तर आलं, कंपनीत बोलायचा हक्क फंडाचा, युनिट घेणाऱ्यांचा नाही.

त्याच रात्री नूतननं मला आणि माझ्यासोबत घेतलेल्या सगळ्या युनिटांना विकायला काढलं.

“भाव चढून राहिला अन् तू विकून राहिली? काऊन?” हिमांशू वैतागला. “तू विकल्यानं चिमणी बंद होणार आहे का?”

“चिमणी नाही होणार. पण या पैशांत राखेपासून दूर दुसरी खोली तर घेता येईल.”

तो उठून आचलच्या पाळण्याच्या दोऱ्या सोडायला लागला.

मित्रांनो, विकलेलं युनिट कुठे जात नाही, पुसलं जातं. माझी विक्री नोंदली गेली आहे. प्लान्ट उद्याही चालेल. मोठे झाल्यावर तुम्हीही आमच्यासारख्यांना विकत घ्याल. भाव जरूर विचारा. पण तुमचा पैसा जिथे जातो, तिथल्या भिंतीलगतच्या घरात एकदा जा, आणि दिवसभर श्वास घेऊन बघा.